परत न दिलेला कर्णा

मी एक जुना कर्णा आहे. हातात धरून बोलायचा कर्णा. शिकलेली माणसं मला मेगाफोन म्हणतात आणि तोक्योतल्या फुनाबोरीतली मराठी मंडळी सरळ भोंगा म्हणायची. मित्रांनो, आपली गोष्ट सांगायला बसलं की जुन्या वस्तू सहसा रडतात. आम्ही झिजलो, आम्हाला विसरलात, आमच्यावर धूळ बसली, वगैरे. मी रडणार नाही. माझ्या तोंडाला तडा गेला आहे, दांड्याला चिकटपट्टी गुंडाळली आहे आणि आवाज घोगरा येतो. पण हे सगळं मला एका भांडणात झालेलं आहे आणि त्या भांडणाचं मला जराही वाईट वाटत नाही.

माझा जन्म तोक्योजवळच्या एका कारखान्यात झाला. तिथे एक बाई प्रत्येक कर्णा तोंडाशी धरून "ऐकू येतंय का?" असं विचारायची आणि भिंतीपाशी उभा असलेला माणूस हात वर करायचा. त्याने हात वर केला म्हणजे तुम्ही पास. मला तीन बटणं आहेत. एक बोलण्याचं. एक लाल, सायरन वाजवण्याचं. ते आग किंवा भूकंप झाला तरच दाबायचं. तिसरं बटण दाबून धरलं की मी दहा सेकंदांचं बोलणं पोटात साठवतो आणि सांगाल तितक्या वेळा जसंच्या तसं ऐकवतो. बॅटरी काढली तरी ते पुसलं जात नाही.

मला देवदत्तने विकत घेतलं. देवदत्त मूळचा पुण्याचा, तोयोसुमधल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर इंजिनिअर. फुनाबोरीत राहणाऱ्या मराठी कुटुंबांचा खेळांचा दिवस दरवर्षी नदीकाठच्या मैदानावर व्हायचा आणि त्याची सगळी व्यवस्था त्याच्या गळ्यात असायची. मोठ्या माणसाला मी 'अरे-तुरे' करतो म्हणून रागावू नका. बारा वर्षं मी त्याच्या तोंडाशी राहिलो आहे. लिंबू-चमचा, पोत्यांची शर्यत, रस्सीखेच, सगळं माझ्या आवाजावर सुरू व्हायचं. त्याचा मुलगा सारंग तेव्हा पाच वर्षांचा होता. त्याला शर्यत सुरू करून द्यायला फार आवडे. तो मला दोन्ही हातांनी धरून जपानी शाळेतल्यासारखं "योऽऽई, दोन!", म्हणजे 'तयार, पळा!', असं ओरडायचा आणि मग स्वतःच शर्यतीत पळत सुटायचा, मला गवतात टाकून. माझं कौतुक होत असे. "काय खणखणीत आवाज आहे हो!" असं लोक म्हणायचे, आणि देवदत्त लगेच वाकून आभार मानायचा.

वाकणं ही देवदत्तची खासियत होती. जपानमध्ये इतकी वर्षं काढल्यावर एक गोष्ट त्याच्या अंगवळणी पडली होती. आधी वाकून 'सुमिमासेन', म्हणजे माफ करा, म्हणायचं, मग काय झालं ते विचारायचं. त्याची ऑफिसची प्रत्येक ईमेल माफी मागून सुरू व्हायची. दुसरी खासियत म्हणजे लष्करी शिस्तीवर त्याची भारी श्रद्धा. कॉलेजात तो एनसीसीत होता. पुढे तो आयुष्यभर खुर्चीत बसला, पण "दोन वर्षं परेड केली ना, की पोरं सुतासारखी सरळ होतात" हे वाक्य मी त्याच्या तोंडून शंभरदा तरी ऐकलं असेल.

सारंग सतरा वर्षांचा असताना त्याने एक मोठी चूक केली. मी त्याची बाजू घेणार आहे, पण या चुकीत नाही. फोनवर कुणीतरी त्याला एक 'बाइतो' दिला. बाइतो म्हणजे शिकता शिकता करायचं फुटकळ काम. काम काय, तर कोट घालून इचिकावाला एका घरी जायचं आणि म्हातारीकडून एक पाकीट आणायचं. त्या म्हातारीला, हिरानो-सानना ('सान' म्हणजे आपलं 'जी'), आधीच कुणीतरी फोन करून घाबरवलं होतं की तुमचा भाचा संकटात आहे, आमचा माणूस येईल, त्याच्याकडे पैसे द्या. तो माणूस म्हणजे सारंग. काहीतरी काळंबेरं आहे हे त्याला कळलं होतं. तरी त्याने बेल वाजवली. स्टेशनवर पोलिसांनी त्याला पाकिटासकट धरलं आणि हिरानो-सानना त्यांचं पाकीट परत मिळालं. पण त्या दिवसापासून त्यांनी दाराची बेल काढून टाकली.

लहान वयाच्या गुन्हेगारांचा निकाल इथे कौटुंबिक न्यायालय करतं. न्यायाधीशांनी निकाल चार महिने लांबवला. तेवढे दिवस सारंगने न्यायालयाला मान्य असलेल्या जागी राहायचं आणि तिथल्या प्रमुखाने शेवटी रिपोर्ट द्यायचा. रिपोर्ट चांगला आला तर घर. वाईट आला तर सुधारगृह, म्हणजे मुलांचा तुरुंगच म्हणा ना. दारं बाहेरून बंद. वकिलांनी आईवडिलांसमोर दोन जागा ठेवल्या. एक टोफू करणारे म्हातारे गृहस्थ होते, ते मुलांना घरी ठेवून काम शिकवत. दुसरं होतं डोंगरातलं लष्करी पद्धतीचं शिबिर.

"मला टोफूवाले आजोबा बरे वाटले," उत्तरा म्हणाली. उत्तरा म्हणजे सारंगची आई. "त्यांनी सारंगला काय आवडतं ते विचारलं."

"अगं, टोफू कापून कुणी सुधारतं का? त्याला डिसिप्लिन पाहिजे. मिलिटरी ट्रेनिंग मिळतंय, तुरुंग टळतोय. अजून काय हवं?"

"तुला परेड हवीय की पोरगा?"

देवदत्तने फोन उचलला. त्याने शिबिराला होकार कळवला.

आता माझ्या आयुष्यातली लाजिरवाणी गोष्ट ऐका. कुणाच्या दारी रिकाम्या हाताने जायचं नाही हे आपल्याकडेही आहे आणि जपानमध्ये तर फारच. सारंगला पोचवायला जाताना काय न्यावं, असा देवदत्तला प्रश्न पडला. फोनवर शिबिरप्रमुखांचा आवाज बसलेला वाटला होता. म्हणून त्याने मला पुसलं, नव्या बॅटऱ्या घातल्या, सुंदर कागदात बांधलं आणि लाडवांच्या डब्याबरोबर त्या माणसाच्या हातात दिलं. "याला सरळ करा," असं म्हणून तो कमरेपर्यंत वाकला. सारंग बाजूला उभा होता. त्याने मला ओळखलं आणि मान फिरवली.

शिबिर चिबाच्या डोंगरात, बंद पडलेल्या एका शाळेत होतं. नाव सांगत नाही, नावाने काही फरक पडत नाही. अकरा मुलं होती. प्रमुखांचं नाव ओकुमुरा, पण सगळ्यांनी त्यांना 'ताइचो' म्हणायचं, म्हणजे तुकडीचा नायक. आल्या आल्या डोकं भादरायचं. अंघोळ गार पाण्याने. जेवताना बोलायचं नाही. सकाळी डोंगराकडे तोंड करून एकेकाने मला तोंडाशी धरायचं आणि ओरडायचं, "मी कचरा आहे!" डोंगरातून ऐकू आलं नाही तर पुन्हा. पहिल्या दिवशी सारंगने ते सोळा वेळा ओरडलं. ज्या तोंडातून मी "योऽऽई, दोन!" ऐकलं होतं, त्याच तोंडातून. मला कान झाकता येत नाहीत आणि तोंडही मिटता येत नाही. जे म्हणतील ते मोठ्याने सांगायचं, एवढंच माझ्या हाती.

खोटं कशाला बोलू? ताइचो राक्षस नव्हता. मुलांना पोटभर जेवण मिळे. रात्रभर फोनवर जागणारी पोरं पाचला उठायला लागली. एकाचं दारू पिणंही सुटलं. आपण मुलांना तुरुंगापासून वाचवतोय असं ताइचोला मनापासून वाटत होतं. पण तिथे कुणी कुणाला 'तू काय केलंस' असं विचारत नव्हतं. सारंगने एकदा परवानगी मागितली की मला हिरानो-सानना पत्र लिहायचंय. ताइचो म्हणाला, "आधी सरळ उभा राहायला शीक." पत्र राहिलं आणि उभं राहणं चालू राहिलं. मला तर वाटतं, चोरी करणाऱ्याला वाळूची पोती उचलायला लावून म्हातारीच्या दाराची बेल परत लागत नाही.

तिथला सगळ्यात पक्का नियम असा होता, की धावताना कुणी पडला तर त्याला हात लावायचा नाही. तो आपला आपण उठेल. हे रोज ओरडून ताइचोचा घसा बसायचा. म्हणून त्याने एके दिवशी माझं तिसरं बटण दाबलं आणि आपल्या आवाजात ते वाक्य माझ्या पोटात भरलं. "पडलेल्याला कुणी हात लावायचा नाही! थांबू नका! धावा!" मग मला झेंड्याच्या खांबाला टांगून तो सावलीत बसू लागला. मी तेच तेच बोलत राहायचो.

ऑगस्टच्या मधल्या आठवड्यात, भर दुपारी, अकरा मुलं पाठीवर वाळूची पोती घेऊन मैदानाला फेऱ्या मारत होती. कोसेई नावाचा मुलगा पडला. सोळा वर्षांचा, अशक्त, सारंगच्या शेजारच्या गादीवर झोपणारा. मुलं त्याला वळसा घालून धावत राहिली. मी वर टांगलेला, बोलत होतो. "पडलेल्याला कुणी हात लावायचा नाही!" दुसरी फेरी झाली. तिसऱ्या फेरीला गर्दीत सारंगचा पाय कोसेईच्या हाताला लागला.

मित्रांनो, तुम्ही मराठी घरातले असाल तर पुढे काय झालं ते तुम्हाला सांगायला नको. कुणाला पाय लागला की वाकायचं, त्याला हात लावायचा आणि तो हात आपल्या कपाळाला न्यायचा. ही सवय उत्तराने त्याला रांगायच्या वयात लावली होती. जपानी शाळेत मुलं हसली तरी ती सुटली नव्हती. पाठीवर पोतं असताना, डोकं उन्हाने भणभणत असताना सारंग वाकला, कोसेईच्या हाताला त्याने हात लावला आणि तो कपाळाकडे नेता नेता थांबला. कोसेईचं अंग तव्यासारखं तापलं होतं आणि घामाचा टिपूस नव्हता.

"ताइचो! याला घाम येत नाहीये! हा बोलत नाहीये!"

"नाटक आहे. दोन मिनिटांत उठेल. रांगेत जा."

"नाही उठणार. अँब्युलन्स बोलवा, प्लीज!"

ताइचो सावलीतून उठला. "आणखी एक पाऊल रांगेबाहेर टाकलंस तर तुझा रिपोर्ट आजच लिहितो. कुठे जाशील माहीत आहे ना?"

सारंग थांबला. हे मी लपवणार नाही. तीन महिने त्याने एकही शेरा येऊ दिला नव्हता. शेवटचा एक महिना राहिला होता. तो कोसेईकडे पाहत होता, ताइचोकडे पाहत होता आणि मी वरून बोलतच होतो. मला त्या क्षणी स्वतःची इतकी चीड आली की काय सांगू! मग त्याने पोतं खाली टाकलं, खांबाशी येऊन मला ओढून काढलं आणि लाल बटण दाबलं.

मी केकाटलो! आयुष्यात इतका मनापासून मी कधी ओरडलो नव्हतो. सारंग मला डोक्यावर धरून फाटकातून उतारावर पळाला. खाली नाशपातीची बाग होती. वाटेत तो दगडावरून घसरला, माझं तोंड आपटलं आणि तडा गेला, पण मी थांबलो नाही. बागेतल्या बाईंनी शिडीवरूनच अँब्युलन्सला फोन लावला. वर मैदानात बाकीच्या नऊ मुलांनी पोती टाकली होती आणि ती कोसेईला सावलीत ओढून त्याच्यावर बादल्या ओतत होती. कोसेई वाचला. आठवडाभर इस्पितळात होता. अर्धा तास उशीर झाला असता तर वाचला नसता, असं डॉक्टर म्हणाले.

तिसऱ्या दिवशी ताइचोने सारंगच्या आईवडिलांना बोलावलं. न्यायालयाच्या चौकशी अधिकारी मियाजिमा-सानही आल्या. शांत बाई, मांडीवर वही. ताइचोने रिपोर्ट वाचला. आज्ञाभंग. सामान पळवलं. परिसरात खोटी घबराट पसरवली. मी टेबलावर होतो, पुरावा म्हणून.

आणि देवदत्तने काय करावं? त्याने जे आयुष्यभर केलं तेच केलं. काय झालं हे विचारण्याआधी तो उठून वाकला. "सुमिमासेन. फार त्रास दिला याने." मग मराठीत सारंगकडे वळून दबक्या आवाजात म्हणाला, "पाया पड त्यांच्या. आत्ता. चटकन पड आणि सॉरी म्हण. मिटून जाईल."

आपल्याकडे मिटतंही कदाचित. शाळेत मुख्याध्यापकांच्या पाया पडलं की ते पाठीवर थाप मारतात. पण समोर ताइचो होता, आणि त्याने मियाजिमा-सानना लगेच सांगितलं, "पाहा, घरच्यांनाही मान्य आहे."

"नाही पडणार," सारंग म्हणाला.

"अरे, रिपोर्टचा प्रश्न आहे! थेट आत जाशील!"

"जाईन, बाबा. हिरानो-सानच्या पाया पडेन. रोज पडेन, त्या हो म्हणाल्या तर. तिथे माझं चुकलं. इथे नाही चुकलं."

उत्तरा पुढे झाली. ती म्हणाली, "देवदत्त, त्याला आत्ता वाकायला लावलंस ना, तर तो परत कधी ताठ उभा राहणार नाही."

मियाजिमा-साननी ताइचोला विचारलं, "पडलेल्याला मदत करू नका, असा तुमचा हुकूम होता का?"

"छे. असा हुकूम कोण देईल? मी फोन करायला निघालोच होतो."

दारात उभ्या असलेल्या दोन मुलांना त्यांनी विचारलं. मुलं आपल्या बुटांकडे बघत राहिली. त्यांचेही रिपोर्ट ताइचोच लिहिणार होता. मग कोण बोलणार?

मी तिथेच होतो हो! टेबलावर, हातभर अंतरावर, पोटात ते वाक्य घेऊन. पण मला कुणी दाबल्याशिवाय बोलता येत नाही. ताइचोला आणि मुलांना वाटत होतं की बंद केल्यावर मी सगळं विसरतो, म्हणून तो ते वाक्य रोज नव्याने भरायचा. त्या खोलीत एकाच माणसाला माहीत होतं की मी विसरत नाही. बारा वर्षं त्याने खेळांच्या दिवसाच्या सूचना माझ्या पोटात भरल्या होत्या आणि पुढच्या वर्षी त्या तशाच ऐकून हसला होता.

देवदत्त माझ्याकडे बघत होता. माझ्या तिसऱ्या बटणाशेजारी हिरवा ठिपका लागलेला असतो, पोटात काही असलं की. तो त्याला दिसला. मला त्याच्या मनातलं कळत होतं. आत काय आहे हे त्याला माहीत नव्हतं. चांगलं असेल की वाईट? वाईट असेल तर ही जागा त्यानेच निवडली होती, मला इथे त्यानेच आणलं होतं, आणि ते बायकोसमोर, मुलासमोर उघडं पडणार होतं. शिवाय ताइचो कायमचा दुखावणार. त्याचा हात पुढे आला, मागे गेला. मग त्याने मला उचललं आणि बटण दाबलं.

"पडलेल्याला कुणी हात लावायचा नाही! थांबू नका! धावा!"

फुटक्या तोंडातून आवाज घोगरा आला, पण ताइचोचाच होता. मी ते तीनदा ऐकवलं. मियाजिमा-साननी वहीत लिहिलं आणि लिहून झाल्यावर पेनाला टोपण लावलं. ताइचो म्हणाला, "हे वाक्य संदर्भ सोडून..."

देवदत्त रडत होता. ऑफिसातला माणूस, टाय लावलेला, हमसून हमसून रडत होता. "मी दिला हा यांना," तो जपानीत म्हणाला. "चूक माझी आहे. मुलाची नाही." आणि दिलेली भेट परत नेणं हे आपल्याकडेही वाईट आणि जपानमध्ये त्याहून वाईट असूनही त्याने मला काखेत मारलं आणि मुलाचा हात धरून तो बाहेर पडला. मियाजिमा-साननी त्याच दिवशी सारंगला तिथून हलवायची व्यवस्था केली. राहिलेला महिना त्याने टोफूवाल्या आजोबांकडे काढला.

न्यायालयात सारंगने काय म्हणायचं ते वकिलांनी पढवून ठेवलं होतं. "मला पश्चात्ताप झाला आहे," एवढंच म्हण, बाकी काही नको. न्यायाधीशांनी विचारलं, "शिबिरातल्या वागण्याबद्दल काय वाटतं?"

"हिरानो-सानबद्दल पश्चात्ताप आहे. तो संपणार नाही," सारंग म्हणाला. "कोसेईबद्दल नाही. परत तसं झालं तर परत तेच करीन."

वकिलांनी डोळे मिटून घेतले. निकाल लागला. घरी राहायचं, दोन वर्षं अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली. हिरानो-सानना त्याने पत्र लिहिलं. उत्तर आलेलं नाही. ते यावंच असा त्याचा हट्टही नाही. दर महिन्याला तो एक पत्र वकिलांकडे देतो आणि हिरानो-सानना वाचायचं असेल तर वाचतील, असं म्हणतो.

गेल्या महिन्यात शिबिराचं पत्र आलं. कर्णा ही संस्थेची मालमत्ता आहे, भेट म्हणून स्वीकारलेली आहे, तरी ती तात्काळ परत करावी. शिबिर अजून चालू आहे, मित्रांनो. चौकशीची फाइल कुठल्याशा टेबलावर आहे आणि नवीन मुलं मैदानाला फेऱ्या मारत आहेत. त्यांना मी हवा आहे, कारण माझ्या पोटातलं ते वाक्य त्यांना पुसून टाकायचं आहे. देवदत्त उत्तर लिहायला बसला. सवयीने त्याने पहिली ओळ लिहिली, 'आपल्याला त्रास दिल्याबद्दल क्षमस्व.' मग त्याने ती खोडली आणि नवा कागद घेतला. त्यावर एकच वाक्य लिहिलं. 'कर्णा देणार नाही.' खाली सही. त्या माणसाने माफी न मागता लिहिलेलं मी पाहिलेलं ते पहिलंच पत्र.

म्हणून मित्रांनो, मला जपा, पुसा, कपाटात नीट ठेवा अशी विनवणी मी करणार नाही. तडा बुजवू नका. नवीन वाक्य माझ्यात भरू नका. मुलांना सुधारायचं म्हणून कुणी त्यांना रांगेत उभं करत असेल, तर तिथे जा आणि कुणी पडलं तर काय करतात ते आधी विचारा. उत्तर द्यायला कुणी धजत नसेल तर मला घेऊन जा, मी देतो. आणि मला मागायला कुणी घरी आलंच, तर त्यांना दारातून परत पाठवू नका. आत बोलवा, बसवा, चहा द्या. मला मात्र देऊ नका.